‘विकला गेला’ म्हणजे नेमकं काय विकलं गेलं?

डिसेंबरात आमच्या यावल-रावेरच्या पट्ट्यात रविवार म्हणजे मळ्यातलं भरीत. गेल्या हिवाळ्यातल्या अशाच एका रविवारची गोष्ट. कापसाच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, लाकडी बडगीत मिरची-लसणाचा ठेचा चालला होता. आम्ही आठ-दहा जण सगळे ऐकण्याच्या नादाने एकत्र आलेलो. भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले दोघे, जळगावच्या कॉलेजातला एक, अमळनेरचा एक दुकानदार. कुणीतरी छोट्या स्पीकरवर अमेरिकेतला जॅझ गिटारवादक आणि गायक जॉर्ज बेन्सन याचा ‘ब्रीझिन’ हा अल्बम लावला. पहिली रचना अर्धी झाली नसेल, तोच अमळनेरच्या दोस्ताने निकाल देऊन टाकला, “त्यानी सोताले इकी टाकं, भाऊ.” म्हणजे, स्वतःला विकून टाकलं. त्यावर कॉलेजवाला उसळला, “लाखो लोकांनी ऐकलंय ते. तुम्हाला चार माणसांनी ऐकलेलंच चांगलं वाटतं.” मग पानं वाढून होईपर्यंत आणि नंतरही हाच वाद. पुढे कुणीतरी बेन्सनच्या मैफलींचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा वाद आणखी पेटला. एक म्हणाला, नुसतं नाचगाणं आहे. दुसरा म्हणाला, एवढं सभागृह उभं राहतं ते काय उगाच?

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की तासभराच्या वादात वाजवण्याबद्दल एकही वाक्य आलं नाही. एकाने विक्रीला पाप धरलं, दुसऱ्याने पुण्य, आणि मोजमाप दोघांचंही विक्रीच. माझं म्हणणं सरळ आहे. लोकप्रिय वळण घेतलेल्या कलावंताचा न्याय करायचा तर त्याचा श्रोतृवर्ग किती वाढला हे पाहून होत नाही. जी गोष्ट फक्त त्यालाच येत होती, ती त्या नव्या कपड्यांत शिल्लक आहे का, आणि गर्दी समोर बसल्यावर तो तिला ती गोष्ट ऐकवतो का, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. या दोन्ही प्रश्नांवर ‘ब्रीझिन’ आणि त्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांतल्या मैफली खणखणीत उभ्या राहतात, असं मला वाटतं.

आधी रेकॉर्डकडे पाहू. ‘ब्रीझिन’ 1976 चा. निर्माता टॉमी लिपुमा, व्हायोलिनांच्या ताफ्याची रचना क्लाउस ओगरमनची. अमेरिकेत पॉप, जॅझ आणि आर-अँड-बी (रिदम अँड ब्लूज) या खपाच्या तिन्ही याद्यांत तो पहिल्या क्रमांकावर गेला. ‘ज्या अल्बमने एका जॅझ गिटारवाल्याचा पॉप गायक केला’ अशी त्याची ख्याती, आणि आमच्या मित्राचा रागही तिथूनच आलेला. पण मोजून पाहा. अल्बमवर रचना सहा. त्यातली गायलेली एक. उरलेल्या पाच निव्वळ वाद्याच्या. म्हणजे ज्या रेकॉर्डवर ‘गिटार सोडली’ असा आरोप आहे, तिच्यावर सहांतल्या पाच जागी गिटार मध्यभागी बसलेली आहे. आणि ती एक गायलेली रचना, ‘धिस मास्करेड’, अल्बमवर आठ मिनिटांची आहे. रेडिओसाठी काढलेल्या छोट्या तबकडीवर ती तीन मिनिटांच्या थोडी वर एवढीच उरली. आपल्यातल्या बहुतेकांनी ती छोटी ऐकली आणि मत मोठीबद्दल बनवलं. सुरुवातीलाच बेन्सन तोंडाने स्वर म्हणतो आणि तेच स्वर त्याच क्षणी गिटारवर काढतो. शब्द अजून यायचे असतात. आवाज आणि तार यांच्यामध्ये केसभर फट राहत नाही. आपल्याकडे गवयाची तान सारंगी किंवा पेटी मागून उचलते, तिथे संगतकाराला क्षणभर उशीर होतोच. इथे गाणारा आणि संगत करणारा एकच माणूस असल्याने तो उशीर नाही. डोक्यात आलेली जागा गळ्याने आणि बोटांनी एकाच वेळी घ्यायची, हे काम विक्रीसाठी सोपं करून घेता येत नाही. ते येतं किंवा येत नाही.

‘गिटारवाला गायक झाला’ हे वाक्य तर इतिहासालाच धरून नाही. पिट्सबर्गमध्ये 1943 साली जन्मलेल्या या पोराची पहिली रेकॉर्ड 1954 ची, आणि ती गायक म्हणून. पुढे ऑर्गनवादक जॅक मॅकडफच्या संचात गिटार, मग 1968 मध्ये जॅझचा नामवंत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘माइल्स इन द स्काय’ या अल्बममधल्या एका रचनेत वादन, अशी वाट चालून तो जॅझवाल्यांच्या मर्जीत बसला. 1976 मध्ये त्याचं गाणं गाजलं तेव्हा तो आपल्या घरी परत आला होता. ज्यांनी त्याला मधल्या दहा-बारा वर्षांतच पाहिलं, त्यांना ते घर सोडणं वाटलं.

तरीही समोरच्या बाजूचं म्हणणं वजनदार आहे आणि ते झटकून चालणार नाही. पहिलं असं की धंदा एकदा जमला की तो तेच पुन्हा मागतो. कलावंताची इच्छा असो-नसो, पुढच्या प्रत्येक रेकॉर्डला त्या पहिल्या यशाच्या मापाने कापलं जातं. बेन्सनच्या बाबतीत हे झालं, हे मी मान्य करतो. क्विन्सी जोन्सने केलेला 1980 चा ‘गिव्ह मी द नाइट’ बांधणीने देखणा आहे, पण गिटार तिथे मागे सरकली आहे. त्यापुढच्या काही अल्बममध्ये ती दोन ओळींमधली जागा भरण्यापुरती उरली, असं माझे कान सांगतात. दुसरं म्हणणं याहून गंभीर. त्या मऊ, गुळगुळीत बाजातूनच पुढे ‘स्मूद जॅझ’ नावाचा प्रकार फोफावला. हॉटेलच्या लॉबीत, दाताच्या डॉक्टरकडे, विमान उडायच्या आधी जे वाजतं ते. संगीत न ऐकण्यासाठी लावलेलं संगीत. ‘ब्रीझिन’ने ती वाट रुळवली असेल तर तिच्यावरून पुढे गेलेल्या सगळ्या गाड्यांचा हिशोब त्याच्याकडे मागू नये का?

याचं उत्तर देण्याआधी अशा लोकप्रिय वळणाला लावला जाणारा ‘क्रॉसओव्हर’ हा शब्द आला कुठून ते पाहिलं पाहिजे, कारण आपण तो शिवीसारखा वापरतो आणि त्याच्या पोटात काय आहे ते विसरतो. अमेरिकेत रेकॉर्डच्या खपाच्या याद्या वर्णानुसार वेगळ्या होत्या. काळ्या लोकांच्या संगीताची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने चालायची. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ते नाव 1949 मध्ये बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. नाव बदललं, भिंत राहिली. एका यादीतलं गाणं दुसऱ्या यादीत गेलं की ते ‘ओलांडून’ गेलं. म्हणजे क्रॉसओव्हर या शब्दाच्या मुळाशी एक वेस आहे, आणि ती वेस संगीताने घातलेली नव्हती. नॅट किंग कोल हा 1930 आणि 40 च्या दशकांतला अव्वल काळा पियानोवादक. त्याच्या त्रिकुटाचं वादन पुढच्या पियानोवादकांनी अक्षरशः गिरवलं. तो गायला लागला, घराघरांत पोचला, तेव्हा जाणकारांनी ‘पियानो गेला’ म्हणून हळहळ व्यक्त केली. हळहळ खरी होती. पण त्याच कोलवर 1956 मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये गोऱ्या वंशवाद्यांनी भर मंचावर हल्ला केला, तोही श्रोते समोर बसलेले असताना. त्या माणसांना तो ‘विकला गेलेला’ वाटला नव्हता. तो वेस ओलांडून आला होता हेच त्यांना सहन झालं नव्हतं. एकाच वाटेने चाललेल्या माणसाला एकीकडून जाणकार म्हणतो परत फिर, दुसरीकडून वंशवादी म्हणतो परत फिर. दोघांचे हेतू जमीन-अस्मानाचे, हे उघड आहे. पण त्याने उभं राहायचं कुठे?

आणि पोटाचा प्रश्न तर कुणी काढतच नाही. बेन्सनच्या आधीचा थोर गिटारवादक वेस माँटगोमरी. इंडियानापोलिसमध्ये दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात वाजवणं, घरात मोठं कुटुंब. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्याने लोकांच्या तोंडी असलेली गाणी व्हायोलिनांच्या साथीने, छोटी छोटी करून वाजवली. त्याचा 1967 चा ‘अ डे इन द लाइफ’ चांगला खपला. समीक्षक नाराज झाले. पुढच्याच वर्षी हृदयविकाराने तो गेला, वय 45. मला त्याचं आधीचं वादन जास्त आवडतं, हे मोकळेपणाने सांगतो. पण दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही करून जगलेल्या माणसाने शेवटी थोडं सोपं वाजवून चार पैसे मिळवले, तर त्याला ‘विकला गेला’ म्हणायचा हक्क मला कोणी दिला? माझा पगार दर महिन्याला जमा होत होता. त्याने शुद्ध राहावं ही माझी इच्छा. तिची किंमत मात्र त्याच्या घरानं भरायची.

आता आपल्याकडे या. आपण मराठी माणसं या प्रश्नात नवखी नाही. शंभर वर्षांपूर्वी आपण तो पूर्ण जगलो आहोत. भास्करबुवा बखले हे आग्रा, जयपूर, ग्वाल्हेर अशा तीन-तीन परंपरांचं शिक्षण घेतलेले गवई. त्यांनी 1916 साली खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या आणि त्या रंगभूमीवर गायल्या बालगंधर्वांनी. घराण्यातल्या बंदिशी, दोन-दोन तास खुलवायचे राग, ते काही मिनिटांच्या पदात बसले, रुक्मिणीच्या तोंडी आले, आणि तिकीट काढून आलेल्या व्यापाऱ्याने, कारकुनाने, पिटातल्या हमालाने ते ऐकले. हा क्रॉसओव्हर नव्हे तर काय? यमनचं काय नुकसान झालं? उलट यमन नावाचा राग असतो हेच माहीत नसलेल्या हजारो घरांना यमन ओळखू यायला लागला. माझ्या आजोबांना रागाचं नाव कधी सांगता आलं नाही, पण रेडिओवर कुणी यमन सुरू केला की ते ‘नाथ हा माझा’ गुणगुणायचे. त्या ओळखीच्या धाग्याला धरूनच पुढची पिढी ख्याल ऐकायला बसली. आज जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे, जानेवारीच्या थंडीत तिथे त्यांच्याच नावाने महोत्सव भरतो आणि लोक शाली गुंडाळून विलंबित ख्याल ऐकतात. ही माणसं कुठून आली? त्यातल्या किती जणांच्या घरात हे वेड नाट्यपदांच्या दारातून शिरलं असेल?

यातही तोटा झाला, आणि तो नाटकाचा झाला. पदांवर पदं वाढली, वन्समोअर पडत राहिले, कथानक ताटकळत उभं राहिलं. सूर्य उगवायची वेळ झाली तरी शेवटचा अंक संपलेला नसायचा. आमच्या अमळनेरच्या मित्राचा मैफलींवरचा आक्षेप नेमका हाच आहे: लोक ठरलेलं गाणं मागतात, कलावंत ते देतो, बाकीचं वादन त्या गाण्याची वाट पाहण्यात जातं. खरं आहे. फक्त बालगंधर्वांच्या वन्समोअरबद्दल जुनी माणसं जे सांगतात ते विसरू नये. तेच पद दुसऱ्यांदा आलं की ते तसंच यायचं नाही. नव्या जागा, नवी लडिवाळ फिरत, तिसऱ्यांदा आणखी काही. गर्दीची मागणी त्यांनी उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते नवं गायची संधी केली. जॅझवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, आमच्याकडेही याहून वेगळं काही करत नाहीत.

बेन्सनच्या मैफलीत मला तेच सापडतं, आणि त्या दिवशी मळ्यात आम्ही व्हिडिओ अर्ध्यावर थांबवले नसते तर कदाचित इतरांनाही सापडलं असतं. ‘वीकेंड इन एल.ए.’ हा लॉस एंजेलिसमधल्या रॉक्सी थिएटरात मुद्रित केलेला अल्बम, 1978 मध्ये आलेला. त्यातलं ‘ऑन ब्रॉडवे’ हे आधी गाजलेलंच गाणं, दुसऱ्यांनी पंधरा वर्षांपूर्वी म्हटलेलं. म्हणजे गर्दीला माहीत असलेला माल. बेन्सन ते घेतो आणि दहा मिनिटांच्या आसपास लांबवतो. गाण्यात गिटार वाजवण्याचा उल्लेख येतो तिथे सभागृह एकदम ओरडतं. मी हेडफोन लावून ती जागा किती वेळा ऐकली असेल. ती आरोळी गाण्याच्या ओळखीची नाही. आता काय होणार आहे हे त्यांना माहीत आहे आणि ते त्याचीच वाट पाहत आहेत. मग तो गातगात वाजवत निघतो, आणि त्या मिनिटांत त्या पॉपच्या गर्दीला त्याने शुद्ध उपजेवर खेळवलेलं असतं. रेडिओने ज्यांना तीन मिनिटं ऐकायची सवय लावली, त्यांनाच तो इथे लांब पल्ल्याचं ऐकायला लावतो. गर्दीने त्याला खाली ओढलं म्हणणाऱ्यांनी या दहा मिनिटांचं काय करायचं ते सांगावं.

दोन-तीन वर्षांपूर्वी सावद्याजवळ एका लग्नाला गेलो होतो. आमच्याकडचा लग्नाचा बँड सगळ्यांना माहीत आहे: ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल, साइड ड्रम, लाल-सोनेरी कोट, आणि जे गाणं त्या मोसमात मोबाइलवर चालतंय तेच. मिरवणूक दारी लागली, पंगती बसल्या, बँडवाले ट्रॅक्टरच्या सावलीत पाणी पीत टेकले. त्यातल्या साठीच्या क्लॅरिनेटवाल्याने ओठाने पाती ओली केली आणि मघाच्याच सिनेमाच्या गाण्याची पहिली ओळ हळूच धरली. मग ती ओळ त्याने सोडली. तिच्यातले चारच स्वर घेऊन तो त्यांच्याभोवती फिरत राहिला. वरच्या षड्जाला हात लावायचा आणि न थांबता खाली यायचा. पाच-सहा मिनिटं. मी जवळ जाऊन विचारलं, “दादा, हे शिकलात कुठे?” म्हणाला, “शिकतो कुठे सायब, बाप वाजवायचा. मिरवणुकीत कोण ऐकतं हे? पंगत बसली की वाजवतो.” न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ जन्माला आलं तेही अशाच मिरवणुकीच्या बँडांतून, याच पितळी वाद्यांवर, लग्नकार्यात आणि प्रेतयात्रेत वाजवून पोट भरणाऱ्या माणसांच्या हातून. आमच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मंगल वाद्य वाजवायचं ज्यांनी, त्यांना मांडवात बसायला जागा नव्हती. त्या क्लॅरिनेटवाल्याने मोसमी गाणी वाजवून पोरं शिकवली. तो विकला गेला का? आणि जर तो नाही, तर बेन्सन का?

हाच वाद आता आमच्या खानदेशच्या अहिराणी बोलीवर आला आहे, म्हणून मला तो अमेरिकेतला वाटत नाही. अहिराणी गाणी कीबोर्डच्या ठेक्यावर, डीजेवर, इंटरनेटवर धुमाकूळ घालतात. एक बाजू म्हणते, कानबाईच्या आणि आखाजीच्या सणांतल्या गाण्यांची माती झाली. दुसरी म्हणते, कोट्यवधी लोकांनी पाहिलं, आता बोलू नका. पुन्हा तेच, दोघांच्याही हातात तोच तराजू. मी त्या गाण्यांना तोच प्रश्न विचारतो जो ‘ब्रीझिन’ला विचारला. काही गाण्यांत अहिराणी म्हणजे हिंदी गाण्याला लावलेला ‘ले’ आणि ‘ना’ एवढीच उरली आहे. तिथे बोलीजवळचं जे खास होतं ते गेलेलं आहे, आणि पाहणारे कितीही असोत, मी त्यांना चांगलं म्हणणार नाही. काही गाण्यांत मात्र बायकांची ओट्यावरची थट्टा, तो टोमणा मारायचा नेमका सूर, ठेक्याला न जुमानता जिवंत आहे. ठेका यंत्राचा आहे म्हणून ती वाईट ठरवायची?

असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी जात्यावर, शेतात, काम करता करता झाली. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, ती टिपून ठेवली, अत्र्यांनी ती वाचून हिरा ओळखला आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं, तेव्हा बहिणाबाई जाऊन एक वर्ष झालं होतं. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात ती वसंत पवारांच्या संगीतात, वाद्यमेळासह आली. जात्याची घरघर गेली, हे नुकसान आहे आणि भरून येणारं नाही. माझी आई दळताना म्हणायची त्या लयीत आणि तबकडीवरच्या लयीत फरक आहे. तबकडीवर श्वास जात्याच्या दांड्याबरोबर फिरत नाही. पण त्या गाण्यांतलं बोलणं, संसाराकडे बघायची ती नजर, एक शब्दानेही पातळ झालेली नाही. ती पुस्तकात आली नसती, सिनेमात आली नसती, तर आज असोद्याबाहेर ती कोणाला माहीत असती?

आता स्मूद जॅझच्या हिशोबाकडे येतो. वाट रुळली याचा दोष पहिल्याने चाललेल्यावर थोडा जातो, हे मी नाकारत नाही. बालगंधर्वांची नक्कल करून गळे बिघडवलेले किती झाले, ते मराठी माणसाला ठाऊक आहे. म्हणून बालगंधर्वांवर खटला कोणी भरत नाही. नक्कल करणाऱ्याने बाहेरचा गोडवा घेतला आणि आतलं काम सोडलं, हा नक्कल करणाऱ्याचा गुन्हा. बेन्सनने स्वतः जिथे आतलं काम सोडलं, त्या ऐंशीच्या दशकातल्या काही रेकॉर्डी, तिथे त्याला जरूर धरा. तिथे मी अमळनेरवाल्याच्या बाजूने बसेन. पण ते धरायचं तर रेकॉर्ड रेकॉर्ड वेगळी ऐकावी लागते. ‘1976 नंतर सगळं गेलं’ असा एक फटकारा मारणं सोपं आहे. त्याने फक्त ऐकायचे कष्ट वाचतात.

पुढचा रविवार माझ्याकडे ठरला आहे. वांगी बामणोदची आणायचं कबूल केलंय, कळण्याच्या भाकरी घरून येतील. त्याआधी ‘ब्रीझिन’वरची ‘अफर्मेशन’ लावणार आहे. सात मिनिटांची आहे, गाणं नाही, गिटारच आहे. ती संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही एवढं मी सगळ्यांना फोनवर सांगून ठेवलंय, आणि अमळनेरवाला “बरं भाऊ, आयकसू” म्हणालाय.